सिग्नलमनचं ट्रेनिंग साईटवरच करून घेतलं, अनुभव लिहितोय

चाकण एमआयडीसीत आमचं गोडाऊनच्या शेडचं काम चालूय. टिपर, पोकलेन, हायड्रा (लोड लटकवून चालणारी छोटी क्रेन), काँक्रीटचा ट्रान्झिट मिक्सर सगळं एकाच गेटनं आत येतं आणि जागा अगदी कमी. म्हणून सिग्नलमन (गाडी-क्रेनला खुणा करणारे) आणि रिगर (क्रेनला लोड बांधणारे) पोरांसाठी पुण्याच्या एका एजन्सीकडून दोन दिवसांचं ट्रेनिंग साईटवरच घेतलं. पूर्ण बॅचचा खर्च साधारण हायड्राच्या दोन दिवसांच्या भाड्याएवढा आला. माझं मत विचाराल तर जरूर घ्या, पण बुक करताना काही गोष्टी आधीच बोलून घ्या, त्या खाली लिहिल्यात.

बऱ्याच साईटवर काय होतं, टिपर रिव्हर्स यायला लागला की जो हेल्पर जवळ दिसेल त्याला सांगतात जरा मागं बघ रे, आणि तो पोरगा गाडीच्या बरोबर मागं उभा राहून येऊ दे येऊ दे करत स्वतः पण उलटा चालत राहतो. मागं खड्डा आहे का सळया पडल्यात हे त्याला दिसत नाही आणि ड्रायव्हरला तो दिसत नाही. त्याला कोणी कधी शिकवलेलंच नसतं. कायद्यात मात्र हे काम असं कोणालाही द्यायचं नाही. बांधकाम कामगारांचे 1998 चे केंद्रीय नियम आहेत, त्यात क्रेनला सिग्नल देणारा माणूस 18 वर्षांच्या वरचा आणि त्या कामातला जाणकार पाहिजे असं आहे.

ट्रेनिंगमधला सगळ्यात भारी भाग म्हणजे केबिनमध्ये बसवणं. ट्रेनर स्वतः बरीच वर्षं क्रेन चालवलेले, त्यांनी एकेकाला टिपरच्या आणि पोकलेनच्या सीटवर बसवलं आणि बाकीच्यांना गाडीभोवती उभं केलं, अर्थात इंजिन बंद आणि चावी ट्रेनरच्या खिशात. मग विचारायचे, सांग किती जण दिसतात. टिपरच्या डाव्या बाजूला पुढच्या चाकाजवळ चिकटून उभा असलेला माणूस दिसतच नाही, मागचा तर विषयच सोडा. पोकलेनची केबिन डावीकडे असते त्यामुळे उजवीकडचं सगळं बूमच्या, म्हणजे पुढच्या लांब हाताच्या आड जातं, आणि मागचं काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) फिरतं तेव्हा तिथं भिंत किंवा दुसरी गाडी असली तर मधला माणूस चिरडतो. आमची पोरं रोज त्याच जागेतून ये-जा करायची. खाली उतरल्यावर कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग उभं कुठं राहायचं ते. ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात दिसेल असं, थोडं लांब, गाडीच्या रेषेत कधीच नाही. आणि ड्रायव्हरला एकच नियम, आरशातून सिग्नलमन गायब झाला की ब्रेक, परत दिसेपर्यंत गाडी हलवायची नाही.

क्रेनच्या हाताच्या खुणा नीट घोटून घेतल्या. लोड वर घ्यायचा तर बोट वर करून छोटे गोल फिरवायचे, खाली सोडायचा तर हात आणि बोट खाली करून तसंच, बूमसाठी हात आडवा लांब करून अंगठा वर किंवा खाली. थांबवायला एक हात आडवा, तळवा जमिनीकडे, आणि इमर्जन्सीला दोन्ही हात. सिग्नल एकाच माणसाचा मानायचा, पण इमर्जन्सी स्टॉप साईटवरच्या कोणीही दिला तरी ऑपरेटरनं थांबायचंच. आमचा हायड्राचा ऑपरेटर बिहारचा, रिगर नांदेडचे, अवजड सामान हलवणारे जुने खलाशी लोड खाली-वर करायला अजून आरिया-हबेस म्हणतात, त्यात डीजीचा (डिझेल जनरेटरचा) आवाज. तिथं ओरडून काही होत नाही, हात दिसला पाहिजे. सिग्नलमनला वेगळं केशरी जॅकेट द्यायला सांगितलं ते पण पटलं, कारण पिवळ्या-हिरव्या जॅकेटच्या गर्दीत कोणाचा हात बघायचा हे ऑपरेटरला कळत नाही.

हायड्रावर अर्धा दिवस घालवला ते फार बरं केलं. लोड लटकवून हायड्रा चालत असताना हेल्पर लोडला हातानं धरून पुढच्या चाकाजवळून चालतो, हे दृश्य सगळीकडे आहे, आणि लोड झुलला किंवा पाय अडखळला की तो चाकाखालीच जातो. आता आमच्याकडे लोडला दोरी बांधल्याशिवाय हायड्रा हलत नाही आणि दोरीवाला लांबून, ऑपरेटरला दिसेल असा चालतो. वॉकीटॉकीचं पण एक चांगलं शिकवलं, लोड ऑपरेटरला दिसत नसेल तर सिग्नलमननं सतत बोलत राहायचं, खाली खाली खाली असं, आवाज बंद पडला की ऑपरेटरनं थांबायचं. बॅटरी गेली तरी लोड जागेवर थांबतो.

आता तक्रारी. रात्रीच्या कामाबद्दल जवळजवळ काहीच नाही, आमचं स्लॅबचं काँक्रीट बऱ्याचदा रात्रीच चालतं आणि मिक्सरचे लाईट डोळ्यावर आले की सिग्नलमन दिसत नाही, त्यावर फक्त बॅटन (लाईटची कांडी) वापरा एवढंच सांगितलं. टिपरचा हौदा वर करताना वरच्या विजेच्या तारा बघायच्या, आणि हौदा वर ठेवून गाडी पुढं काढायची नाही, हे दोन मिनिटांत उरकलं, ते मला अजिबात आवडलं नाही, त्यावर पूर्ण तास पाहिजे होता. पुस्तिका इंग्रजीत दिली, ती पोरांच्या काय कामाची? मी खुणांचे फोटो काढून मराठी-हिंदीत छापून गेटजवळ लावलेत.

आणि मुख्य म्हणजे ऑपरेटर आणि ड्रायव्हर त्यांच्या पॅकेजमध्ये धरलेलेच नव्हते, आम्ही हट्टानं बसवले. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर रोज बदलतो, म्हणून आता नवीन ड्रायव्हर आला की आमचा सिग्नलमन गेटवरच त्याला खुणा करून दाखवतो, मगच गाडी आत. तुम्ही बुक करत असाल तर ऑपरेटरसकट बॅच मागा, एक सेशन अंधार पडल्यावर मागा आणि प्रॅक्टिकल तुमच्याच गाड्यांवर घ्यायला लावा.