एकाच नावाची शंभर गावे आणि पोलंडची ‘तेरित’ नोंदवही

पोलंडमधील एखादे गाव केवळ नावावरून शोधू पाहणाऱ्याने पोलंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाची ‘तेरित’ ही संकेतस्थळावरील मोफत नोंदवही आधी उघडावी, असे माझे मत आहे. ‘नोवा व्येश’ किंवा ‘डोंब्रोवा’ एवढेच टाइप केले, तर गावे, वाड्या आणि गावांचे भाग धरून यादी शंभरीच्या पुढे जाते. मात्र प्रत्येक नावापुढे प्रांत, जिल्हा आणि ‘ग्मिना’ हा सर्वांत खालचा प्रशासकीय विभाग दिलेला असल्यामुळे हवे ते ठिकाण निवडता येते.

या सेवेचे खरे बळ तिच्या सात आकडी क्रमांकात आहे. प्रत्येक वस्तीला स्वतःचा क्रमांक असतोच, शिवाय ती वस्ती दुसऱ्या गावाचा भाग असेल, तर त्या मूळ गावाचा क्रमांकही तिच्या नोंदीत असतो. त्यामुळे आपण शोधत असलेली डोंब्रोवा स्वतंत्र गाव आहे की कुठल्या तरी गावाचे एक टोक, याचा निकाल तिथल्या तिथे लागतो. शहरांच्या बाबतीत एवढे खोलात शिरावे लागत नाही, कारण तोमाशुफ माझोव्येत्स्की आणि तोमाशुफ लुबेल्स्की यांच्या नावांतच प्रदेश आलेला आहे.

नद्यांच्या बाबतीत मात्र ही नोंदवही हात टेकते. बिस्त्शित्सा नावाची एक नदी लुब्लिनमधून वाहत व्येप्श नदीला मिळते आणि दुसरी व्रोत्सवाफजवळ ओडरला, पण ‘तेरित’मध्ये त्या नावाची गावेच तेवढी सापडतात. निसा हे शहर निसा क्वोत्स्का नदीवर आहे, तर जर्मनीच्या सीमेवरून वाहणारी निसा वुझित्स्का ही वेगळी नदी आहे; दोन्ही ओडरच्याच उपनद्या असल्याने पोलंडची पश्चिम सीमा यांपैकी कोणत्या निसेवर असावी, हा 1945 साली पॉट्सडॅम परिषदेत वादाचा मुद्दा झाला होता. अशा नावांसाठी ‘गेओपोर्टल’ हा सरकारी नकाशा सोबत उघडा ठेवावा. नोंदवही आणि नकाशा अशी दोन दारे ठोठवावी लागणे ही मला या व्यवस्थेतील मोठी उणीव वाटते.

आपल्याकडच्या एका वाचकवर्गासाठी आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिलेल्या पोलिश निर्वासितांपैकी बहुतेकांची गावे तेव्हाच्या पूर्व पोलंडमध्ये होती. तो भाग युद्धानंतर सोव्हिएत संघाकडे गेल्याने ती गावे आज युक्रेन, बेलारूस किंवा लिथुआनियात आहेत आणि ‘तेरित’मध्ये त्यांची नोंद नाही. त्याच नावाचे एखादे गाव आजच्या पोलंडमध्ये सापडले, तरी तेच आपले गाव असे अभ्यासकाने धरून चालू नये.