कार्यक्रमांच्या विम्यात करिअर: कंपनीचे टेबल, ब्रोकरची बाजू की सर्व्हेयरचा परवाना?

मैफली, संगीत महोत्सव, क्रिकेटचे सामने, पुरस्कार सोहळे, सार्वजनिक मंडळांचे उत्सव आणि चित्रीकरण यांच्या विम्यातच काम करायचे, असे ज्याने मनाशी ठरवले आहे, त्याच्यासमोर आपल्याकडे प्रामुख्याने तीन वाटा असतात: विमा कंपनीत अंडररायटर (जोखीम तपासून विम्याच्या अटी आणि दर ठरवणारा) होणे, ब्रोकर संस्थेत जाणे किंवा परवाना काढून स्वतंत्र सर्व्हेयर (दाव्यातले नुकसान तपासून मोजणारा) होणे. यातल्या पहिल्या दोन ठिकाणी मी नोकरी केली आहे आणि सध्या तिसरे काम करतो. विम्याची तोंडओळख असलेल्या वाचकासाठी हे लिहीत असल्यामुळे प्रीमियम म्हणजे काय, परीक्षांचे अर्ज कुठे भरायचे वगैरे गोष्टींत शिरत नाही. पगाराचे आकडेही देत नाही, कारण ते संस्थेगणिक आणि शहरागणिक इतके बदलतात की ऐकीव आकड्यांवर निर्णय घेणे धोक्याचे ठरेल.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. कार्यक्रमांच्या विम्याचे भरभक्कम स्वतंत्र खाते बहुतेक भारतीय कंपन्यांत नसते. मिसलेनियस, म्हणजे संकीर्ण विम्याच्या विभागाच्या एका कोपऱ्यात हे काम चालते आणि एकाच कार्यक्रमामागे तो रद्द होण्याचा धोका, प्रेक्षकांना इजा झाल्यास येणारे दायित्व, भाड्याने आणलेली सामग्री, रोख रक्कम, कामगारांची नुकसानभरपाई आणि वैयक्तिक अपघात असे अनेक भाग एकत्र बांधलेले असतात. गरज मात्र खरी आहे. २०१४ च्या डिसेंबरात अवकाळी पावसामुळे पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव पुढे ढकलावा लागला, फेब्रुवारी २०२२ मध्ये लता मंगेशकर यांच्या निधनानंतर दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला आणि कोविडच्या काळात तर सगळेच ठप्प होते. दुसऱ्या टोकाला, जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. एवढा पैसा एका संध्याकाळवर लागलेला असतो, तेव्हा ती संध्याकाळ हुकली तर काय, हे मोजणारी माणसे लागतातच.

कंपनीचे टेबल हे शिकण्यासाठी सर्वांत चांगले ठिकाण आहे, हे मी निःसंकोचपणे सांगेन. आकड्यांच्या मागे काय असते, हे तिथे कळते. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने २०२५ च्या गणेशोत्सवासाठी ४७४.४६ कोटी रुपयांचा विमा उतरवला, ही बातमी सगळ्यांनी वाचली असेल. अंडररायटर मात्र त्या आकड्याने दिपून जात नाही. त्यातले ३७५ कोटी स्वयंसेवक, पुजारी, सुरक्षारक्षक अशा माणसांच्या वैयक्तिक अपघात विम्याचे होते, म्हणजे माणसे पुष्कळ म्हणून रक्कम मोठी. दागिन्यांचा भाग ६७ कोटींच्या आसपास होता आणि बारकाईची चौकशी अशा ठिकाणी होते: दागिने रात्री कुठे असतात, मूर्तीवर चढवताना आणि उतरवताना कोण हजर असते, ने-आण कोणाच्या पहाऱ्यात होते. गोविंदांचा विमा याच्या अगदी उलट. २०२३ मध्ये राज्य शासनाने ५० हजार गोविंदांना माणशी ७५ रुपयांच्या हप्त्यात विमा दिला आणि २०२५ मध्ये ही संख्या दीड लाखांवर नेली. तिथे जोखीम कोणत्याही वस्तूत नसून सातव्या-आठव्या थरावर उभी असते.

शब्दरचनेचा कस लागतो तोही याच टेबलावर. २०२० मध्ये विम्बल्डन रद्द झाले तेव्हा आयोजकांकडे साथरोगाचे संरक्षण होते. पुढच्या वर्षी ते मिळेनासे झाले. आपल्याकडेही कोविडनंतर संसर्गजन्य आजाराचा अपवाद पॉलिसीत ठळकपणे आला. तिकिटे खपली नाहीत म्हणून झालेला तोटा, आयोजकाकडचे पैसे संपल्यामुळे रद्द झालेला कार्यक्रम, स्वतःच्या हलगर्जीपणामुळे न मिळालेली पोलिसांची किंवा अग्निशमन दलाची परवानगी या गोष्टी विम्यात बसत नाहीत, हे आयोजकाला स्पष्ट कळेल अशा भाषेत लिहिणे ही कला आहे. दोन-तीन हंगाम हे काम केलेल्या माणसाला पुढे कुठेही अडत नाही. नोकरी स्थिर, वेळा बऱ्यापैकी ठरलेल्या आणि घरचे समाधानी. मला खटकणाऱ्या गोष्टी दोनच होत्या. शाखेतल्या अधिकाऱ्याचे अधिकार ठरावीक रकमेपुरते असतात. त्यापुढचा प्रस्ताव मुख्यालयात आणि तिथून पुनर्विमाकर्त्याकडे, म्हणजे विमा कंपनीचाच विमा उतरवणाऱ्याकडे जातो, आणि तोवर आपण निरोप्याच्या भूमिकेत राहतो. शिवाय ज्या मंचाचा धोका मी कागदावर मोजत असे, तो मंच उभा राहिलेला क्वचितच पाहायला मिळे. ज्यांना कागदावरच्या कामाची गोडी आहे त्यांना हे अजिबात खटकणार नाही, आणि लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारात जाण्याची ज्यांची इच्छा आहे त्यांनी तर हाच रस्ता धरावा, कारण कार्यक्रम रद्द होण्याचा धोका पेलणारे अंडररायटर तिथे पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले आहेत.

ब्रोकरकडे गेल्यावर चित्र एकदम पालटते. ब्रोकर कायद्याने ग्राहकाच्या बाजूचा असतो. त्यामुळे आयोजकाच्या बैठकीत बसता येते, कलाकाराबरोबरचा करार वाचता येतो आणि एकाच प्रस्तावावर चार कंपन्यांना बोलते करता येते. पुण्याच्या राष्ट्रीय विमा अकादमीची ब्रोकर परीक्षा दिलेला, बोलण्यात तरबेज असलेला आणि फोन न कंटाळता उचलणारा तरुण इथे झपाट्याने वर जातो. तिन्ही वाटांपैकी लवकर पैसा दिसण्याची शक्यता इथेच अधिक आहे, असे माझे निरीक्षण आहे. निदान माझ्या बरोबरीच्या ज्यांनी ब्रोकिंग धरून ठेवले त्यांची घरे माझ्याआधी झाली.

इथेच एक माशी शिंकते आणि माझ्यापुरता निर्णय त्या माशीनेच केला. विमा अधिनियम १९३८ चे कलम ६४ व्हीबी असे सांगते, की प्रीमियम आगाऊ हाती आल्याशिवाय कंपनीने जोखीम पत्करू नये. कलम योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मोठ्या उद्योगसमूहांचे कंपनीकडे सीडी अकाउंट (आगाऊ ठेवीचे खाते) असते, त्यात रक्कम शिल्लक असते आणि पॉलिसी निघते. कार्यक्रमाचा आयोजक मात्र बहुधा एकदाच येणारा ग्राहक असतो, आणि तो येतोही धोक्याची जाणीव झाली म्हणून नव्हे, तर मैदानाच्या मालकाने किंवा प्रायोजकाने दायित्वाची पॉलिसी मागितली म्हणून. कार्यक्रम शनिवारी असेल तर त्याचा पहिला फोन बुधवारी येतो. प्रस्तावाच्या अर्जात प्रेक्षकसंख्येचा रकाना रिकामा, मंच उभारणाऱ्याच्या कराराची प्रत नाही, आणि पावसाचे संरक्षण हवे असते ते हवामानाचा अंदाज वाचून झाल्यावर, जेव्हा कोणतीही कंपनी ते द्यायला तयार नसते.

मग शुक्रवार उजाडतो. मैदानावर ट्रस (मंचाचे धातूचे सांगाडे) चढत असतात, जनरेटर येऊन लागलेले असतात, म्हणजे जोखीम प्रत्यक्षात सुरू झालेली असते आणि विमा नसतो. आयोजकाचा अकाउंटंट म्हणतो, की पैसे टाकले आहेत. मंजुरी देणारे साहेब विमानात असल्यामुळे प्रत्यक्षात पैसे बँकेतच अडकलेले असतात. कंपनीतला अधिकारी म्हणतो, की यूटीआर नंबर (बँकेतून पैसे गेल्याचा क्रमांक) पाठवा, मगच पॉलिसी सोडतो, आणि सहानंतर मी जागेवर नाही. गेटवरचा माणूस पॉलिसीची प्रत पाहिल्याशिवाय ट्रक आत सोडत नाही. या तिघांच्या मध्ये, व्हॉट्सअॅपवर यूटीआरच्या स्क्रीनशॉटची वाट पाहत, आयोजकाचे ‘अहो, उद्या सकाळी नक्की टाकतो, तुम्ही पॉलिसी तेवढी सोडा’ हे वाक्य ऐकत मी ज्या संध्याकाळी घालवल्या, त्यांचा मला मनापासून उबग आला. काम अवघड होते म्हणून नव्हे. माझ्या सगळ्या अभ्यासाचे, शब्दरचनेवरच्या सगळ्या घासाघिशीचे मोल शेवटी एका बाराखडी-आकड्यांच्या नोंदीवर येऊन ठेपत असे, आणि ती नोंद वेळेत येणे माझ्या हातात कधीच नव्हते. काही सहकाऱ्यांना ही धावपळ आवडत असे, त्यात त्यांना चेव चढे; तुमचा स्वभाव तसा असेल तर हा परिच्छेद तुम्ही खुशाल विसरून जावा.

सर्व्हेयरच्या कामाला आमच्याकडे थट्टेने वरातीमागून घोडे म्हणतात. कार्यक्रम झालेला किंवा बिघडलेला असतो, पॉलिसी निघालेली किंवा न निघालेली असते आणि पैसे भरण्याची घाई कोणालाही उरलेली नसते. ठरावीक रकमेपेक्षा मोठ्या दाव्याचे मूल्यमापन परवानाधारक सर्व्हेयरकडून करून घेणे कंपनीवर बंधनकारक आहे, त्यामुळे कामाला कायद्याचा आधार आहे. परवान्यासाठी अभियांत्रिकी, लेखापाल किंवा विम्याची ठरावीक पात्रता, अनुभवी सर्व्हेयरकडची साधारण वर्षभराची उमेदवारी, परीक्षा आणि सर्व्हेयरांच्या संस्थेचे सभासदत्व लागते. हा काळ आर्थिकदृष्ट्या कोरडा जातो, हे आधीच गृहीत धरावे.

कामाचे स्वरूप एका उदाहरणाने सांगतो. पावसात भिजलेल्या एलईडी भिंतीचा दावा येतो. भाड्याने देणारा म्हणतो, की सगळेच पॅनेल गेले. अशा वेळी मी एकेक कॅबिनेट उघडायला लावतो आणि पॉवर सप्लायच्या कनेक्टरवर नुसता ओलावा आहे की हिरवट थर चढला आहे, हे पाहतो. नुसता ओलावा असेल तर वाळवून चाचणी घेतल्यावर बरेच मॉड्यूल पुन्हा चालू लागतात. हिरवट थर सहसा एका रात्रीत येत नाही. तो दिसला, की हे पॅनेल आधीच्याच एखाद्या पावसाळ्यात भिजलेले असावे, अशी शंका घ्यावी लागते. मग कॅबिनेटमागचे सिरियल नंबर खरेदीच्या बिलाशी, डिलिव्हरी चलनाशी आणि गेटवरच्या नोंदवहीशी जुळवायचे. ज्या दिवशी या चारही नोंदी एकमेकांशी जुळतात आणि भाड्याने देणाऱ्याचे म्हणणे खरे ठरते, त्या दिवशी त्याच्या बाजूने अहवाल लिहिताना जे समाधान मिळते ते मला आधीच्या दोन्ही नोकऱ्यांत मिळाले नव्हते.

आगीच्या बाबतीत हेच अधिक गुंतागुंतीचे होते. १४ फेब्रुवारी २०१६ रोजी गिरगाव चौपाटीवर ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातल्या सांस्कृतिक कार्यक्रमात मंचाला आग लागली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. अशा घटनेनंतर केबल कोठून नेल्या होत्या, मंचाखाली काय साठवले होते, पडद्याचे कापड आगरोधक होते का, हे प्रश्न असतातच. त्याहून किचकट प्रश्न मालकीचा असतो, कारण मंचावरचा प्रकाश एकाचा, ध्वनी दुसऱ्याचा, सजावट तिसऱ्याची आणि पॉलिसी चौथ्याच्या नावे असते. कोणाचे हितसंबंध विम्यात धरले आहेत, हे ठरवताना मला कंपनीच्या टेबलावर शिकलेली शब्दरचनाच कामी येते.

उणिवा लपवण्यात अर्थ नाही. सर्व्हेयरची फी कंपनी देते आणि ती सावकाश देते. नेमणूकही कंपनीच करते, त्यामुळे दावेदार तुमच्याकडे आधी संशयानेच पाहतो; दोन्ही बाजूंना समान अंतरावर ठेवणे रोजच्या रोज जपावे लागते. केवळ कार्यक्रमांच्या दाव्यांवर घर चालत नाही. आग आणि अभियांत्रिकी हे विभाग परवान्यात असावेतच, म्हणजे पावसाळ्यात गोदामे आणि कारखाने, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी मंच, अशी वर्षाची विभागणी होते. ज्याच्या डोक्यावर गृहकर्ज आहे किंवा ज्याला महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम हवीच आहे, त्याला कंपनी सोडून इकडे या, असे मी म्हणणार नाही. ज्याला माणसे जोडण्याची आणि सौदा पटवण्याची आवड आहे, त्याने ब्रोकिंगमध्येच राहावे.

या दोन्ही गोष्टी तुम्हाला लागू नसतील तर मात्र माझा कल कुठे आहे हे एव्हाना लक्षात आले असेल. त्यातल्या त्यात व्यवहार्य क्रम मला असा वाटतो, की दोन वर्षे कंपनीत मिसलेनियस विभाग मागून घ्यावा, त्याच काळात भारतीय विमा संस्थेच्या परीक्षा उरकाव्यात आणि मगच उमेदवारीला लागावे. ज्याच्याकडे उमेदवारी करायची तो सर्व्हेयर निवडताना त्याचे नाव किती मोठे आहे यापेक्षा दोनच गोष्टी विचाराव्यात: त्याच्याकडे कार्यक्रमांचे दावे येतात का, आणि तो उमेदवाराला जागेवर बरोबर नेतो की कार्यालयात बसवून अहवाल टाइप करून घेतो. शक्य असल्यास ही उमेदवारी जूनमध्ये सुरू करावी, म्हणजे गोदामांतल्या भिजलेल्या मालावर हात बसतो आणि नवरात्रानंतर पहिला मंच कोसळल्याचा किंवा भिजल्याचा फोन येतो, तेव्हा बरोबर नेण्याच्या लायकीचे तुम्ही झालेले असता.