चार-सहा वर्षांच्या मुलाला काय दाखवावं: बडबडगीत, अक्षरांसह गोष्ट की पुस्तक?

गोव्यातल्या डिचोली-सत्तरी तालुक्यांतल्या पुष्कळ घरांत मूल कोंकणी बोलतं आणि सरकारी मराठी शाळेत वाचायला शिकतं. अशा मुलाच्या आईबाबांसाठी हे लिहिते आहे.

इंग्रजी ऱ्हाइम्सचे व्हिडिओ सर्वांत सहज मिळतात. मूल चाल उचलतं, यमकं पकडतं आणि यमक ओळखणं ही वाचनाची पूर्वतयारीच आहे. पण चित्रं इतकी भराभर बदलतात की "हें कितें?" (हे काय?) विचारायला सवड उरत नाही.

माझा कौल मराठी गोष्टींच्या व्हिडिओंना आहे, तेही ज्यांत बोलला जाणारा शब्द खाली त्याच क्षणी रंगतो अशांना. बोलतात त्याच भाषेत सबटायटल देण्याची कल्पना संशोधक ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममध्ये मांडली. त्यांच्या बुकबॉक्स या उपक्रमाच्या अ‍ॅनिमेटेड गोष्टी यूट्यूबवर मराठीतही फुकट आहेत. कानावर पडलेला शब्द डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा उमटला की मूल आपसूक दोन्ही जोडू लागतं. देवनागरी दोन्ही भाषांची, त्यामुळे इथे ओळखीचा झालेला 'ळ' कोंकणी वाचतानाही कामी येतो. आणि गोष्टीतलं शेत, विहीर, पाऊस मुलाने पाहिलेला असेल तर अर्थ शोधण्यात दम जात नाही, लक्ष अक्षरांकडे वळतं. चवथीची माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) किंवा शिगमो (गोव्याचा होळीच्या सुमाराचा सण) असलेली गोष्ट मात्र सहसा सापडत नाही. ती उणीव तुम्ही भरून काढा. व्हिडिओ थांबवा, "आपल्या माटोळीला काय काय बांधतो?" असं विचारा. उत्तर कोंकणीत आलं तरी उत्तमच.

दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, त्याहून कमी तर अधिक चांगलं.

पुस्तकाचं बळ वेगळं. मूल स्वतः पान उलटतं, मागे जातं, शब्दावर बोट ठेवतं. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कोंकणी चित्रपुस्तकं मोफत आहेत. रोज मांडीवर घेऊन वाचून दाखवणारं कुणी घरात असेल, तर मी बेधडक पुस्तकच निवडायला सांगेन. पण आईबाबा कामावरून उशिरा येतात आणि आजीला वाचता येत नाही, अशा घरात सबटायटलची गोष्ट सरस ठरते. आजीने फक्त शेजारी बसायचं आणि गप्पा मारायच्या. शक्य असेल तर गोष्ट टीव्हीवर लावा, फोनवर ती अक्षरं फार बारीक दिसतात.