मरीन सायन्सचं मास्टर्स: ब्रेमेन, गेंट की प्लिमथ?

झूलॉजीत बीएससी किंवा शिरगावच्या कॉलेजातून बीएफएससी (मत्स्यशास्त्राची डिग्री) करून बाहेर मरीन सायन्सचं मास्टर्स करायचं म्हणणारी पोरं आता रत्नागिरीत बऱ्यापैकी दिसतात, आणि प्रत्येक घरात पहिला प्रश्न ठरलेला, रँकिंग किती? मला विचाराल तर सायन्सच्या मास्टर्सला रँकिंग नंतर बघा. आधी बघा थिसिस कोणाच्या हाताखाली नि कुठल्या पाण्यावर होणार, आणि मग डिग्री हातात पडेल त्या दिवशी डोक्यावर कर्ज किती असणार. माझ्या भाचीसाठी गेले काही महिने हेच चाललंय, त्यामुळे तिच्या यादीतली तीन नावं इथे शेजारीशेजारी ठेवते.

आधी ब्रेमेन. जर्मनीच्या उत्तरेला, समुद्र तसा साठेक किलोमीटर लांब, पण त्या एवढ्याशा टापूत काय काय आहे बघा, विद्यापीठ, मॅक्स प्लांकची समुद्री सूक्ष्मजीवांची इन्स्टिट्यूट, शेजारी ब्रेमरहाफेनला आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूट जिचं पोलारष्टेर्न जहाज १९८२ पासून ध्रुवाकडे जातंय, आणि आपल्या कामाची म्हणजे झेडएमटी, १९९१ ला सुरू झालेली, उष्ण कटिबंधातल्या समुद्रावरच काम करणारी संस्था. कांदळवनं, प्रवाळ, छोटे मच्छीमार हेच त्यांचे विषय. म्हणजे भाट्याची खाडी, मालवणचे प्रवाळ, किंवा एलईडी लावून मासेमारीवरून चालणारी भांडणं यातलं काही तुम्ही थिसिसला मांडलंत तर समोरच्याला अ आ इ पासून सांगायला लागत नाही. ही गोष्ट माझ्या मते कुठल्याही रँकिंगपेक्षा मोठी.

पैशाचं म्हणाल तर तिथे ट्यूशन फी नाही, सेमिस्टरला काही शे युरो भरायचे, त्यात बस-ट्रेनचा पास येतो. (जर्मनीत सगळीकडे फुकट असं धरून चालू नका, बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही फी सुरू केली.) व्हिसाला ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे आधीच पैसे भरून ठेवायचं खातं, लागतं, वर्षाचे ११,९०४ युरो, शंभर रुपयाचा युरो धरला तर बारा लाख. हा आकडा ऐकून घरातले दचकतात, पण ती फी नाही हो, तुमचेच पैसे आहेत, तिकडे पोचल्यावर महिन्याला ९९२ करून परत मिळतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, लॅबमध्ये असिस्टंटचं मिळालं तर उत्तम, नाहीतर कॅफे नि गोडाऊन, आणि तिथे जर्मन येत नसेल तर अडतं. कोर्स इंग्लिशमधे असला तरी बी वन पातळीपर्यंत (रोजचं बोलणं-चालणं जमेल एवढं) जर्मन इथूनच करून जा. खोली मिळणं हा मात्र वेगळाच वनवास, ॲडमिशन यायच्या आधीपासून शोधायला लागायचं.

जर्मनीचं एक कागदी प्रकरण म्हणजे एपीएस, आपली डिग्री नि मार्कशीट खऱ्या आहेत ना हे तपासून मिळणारं सर्टिफिकेट. नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना ते सर्टिफिकेट लागतंच, १८,००० रुपये भरायचे, कागद दिल्लीला पाठवायचे आणि वाट बघत बसायचं. त्याच्या आधी सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट, नावाचं स्पेलिंग दहावीपासून पासपोर्टपर्यंत एकसारखं आहे का हे सगळं. आमच्याकडे एका कागदावर आडनावात एक ए जास्त होता, तेवढ्यावरून मुंबईच्या फेऱ्या झाल्या.

आता गेंट. बेल्जियममधलं विद्यापीठ, पण इथे नुसतं गेंट नाही, आयएमबीआरसी (IMBRSea) म्हणून इरास्मस मुंडुसचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या स्कॉलरशिप योजनेतला कोर्स आहे, गेंट त्याचं मुख्य ठिकाण आणि बाकी फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल वगैरेतली विद्यापीठं बरोबर. दोन वर्षांत देश बदलत शिकायचं. स्कॉलरशिप मिळाली तर महिन्याला १४०० युरो, चोवीस महिने, वर फी माफ, म्हणजे घरून जवळपास काहीच नाही. यापेक्षा चांगला सौदा मला तरी माहीत नाही. गोम अशी की एकाच देशाच्या पोरांना साधारण दहा टक्क्यांवर स्कॉलरशिप देत नाहीत, आणि भारतातून अर्ज ढिगाने जातात, त्यामुळे मार्क चांगले असूनही नाव येत नाही असं होतं. आणि स्कॉलरशिपशिवाय स्वतःच्या पैशाने हा कोर्स करायचा का? मी तरी नाही म्हणेन. दर सेमिस्टरला नवीन शहर, नवीन डिपॉझिट, नवीन परमिटचे कागद, हे सगळं दुसऱ्याच्या पैशावर असतं तेव्हाच साहस वाटतं. शिवाय एका प्रोफेसरच्या लॅबमध्ये वर्ष-दीड वर्ष मुरायला मिळत नाही, पुढे पीएचडी करायची असेल तर ते जाणवतं.

आता इंग्लंडातलं प्लिमथ. नाव मोठं आणि ते उगाच नाही, मरीन बायॉलॉजिकल असोसिएशनची तिथली लॅब १८८८ ची आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांच्या मागे यंत्र ओढत प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गोळा करायचं काम १९३१ पासून चालू आहे, एवढा जुना डेटा जगात फार कमी ठिकाणी सापडेल. कोर्स एका वर्षात संपतो, तीन वर्षांच्या बीएससीवर सहसा खळखळ नाही, एपीएस नाही, भाषा इंग्लिश. मग अडचण काय? पैसे. इंग्लंडात अशा कोर्सची फी साधारण वीस ते पंचवीस हजार पौंड, वर राहणं, वर हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड, सगळं मिळून पस्तीस-चाळीस लाखाला जातं. राहण्याचे नऊ महिन्यांचे पैसे खात्यात २८ दिवस दिसायला लागतात ते वेगळंच. आमचे भाऊजी, ज्यांचा स्वतःचा मच्छीचा धंदा आहे, ते आकडा ऐकून एवढंच म्हणाले, "एवढ्यात बोटीला नवीन इंजिन नि जाळी येतील गो."

आणि एक वर्ष म्हणजे थिसिसला उन्हाळ्याचे तीन-चार महिने. तेवढ्यात सॅम्पल काढायचं की लिहायचं? बहुतेक जण आधीचा डेटा घेऊन बसतात. शिकल्यावर थांबायची मुदतही आता वरचढ राहिली नाही, दोन वर्षं मिळायची ती १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षच, म्हणजे जर्मनीएवढीच. ज्याला पीएचडी करायची नाही, कन्सल्टन्सीत किंवा ऑफशोअर सर्वेला लवकर लागायचंय आणि घरची पैशाची सोय आहे, त्याला प्लिमथ ठीक. कर्ज काढून जाणाऱ्याला मी सांगणार नाही.

कर्जाचं आपल्याकडे एक खास दुखणं आहे. कागदावर प्रत्येकाकडे जमीन, आंब्याची कलमं, काजू, पण बँक तारण मागते तेव्हा शेतजमीन चालत नाही, कारण कर्ज बुडालं तर तारण जप्त करायचा जो सरफेसी कायदा, त्यात शेतजमिनीवर बँकेला हात टाकता येत नाही. त्यातून सातबारा सामाईक, पणजोबांपासूनची वीसेक नावं, अर्धी मुंबईत नि दोन-चार तर हयातच नाहीत, सगळ्यांच्या सह्या कोण आणणार? म्हणून तारण द्यायचं तर घर, फ्लॅट, बिनशेती प्लॉट किंवा एफडी यातलं काय आहे ते यादी करायच्या आधी बघा, बँकेत पहिल्या दिवशी हेच विचारतात. विनातारण कर्जाचा व्याजदर बघून मगच उड्या मारा.

रँकिंग खरं कामाला येतं ते सरकारी स्कॉलरशिपला. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीला, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे तीसुद्धा, जागतिक क्रमवारीची अट असते, आणि ब्रेमेन त्या यादीत बरंच खाली आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर सगळं गणितच फिरतं, मग त्या वर्षीची जाहिरात हातात घेऊन यादी नव्याने करा.

नॉर्वेतलं बर्गन कोणीतरी सुचवतंच. मासे, सॅल्मन, पाऊस, सगळं आपलंसं. पण नॉर्वेत २०२३ च्या शरद सत्रापासून युरोपबाहेरच्यांना फी लागली, "नॉर्वे फुकट" हे जुन्या व्हिडिओत ऐकलेलं सोडून द्या. टाउन्सव्हिलची जेम्स कुक युनिव्हर्सिटी प्रवाळासाठी एक नंबर, ग्रेट बॅरियर रीफ दारात, पण ऑस्ट्रेलियाच्या नुसत्या व्हिसा अर्जालाच २००० ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि नाकारला तर परत नाहीत.

आमचं ठरलंय ते असं, ब्रेमेन पहिलं, गेंटला अर्ज नक्की कारण मिळालं तर लॉटरीच, प्लिमथ यादीतून काढलं. जर्मनीत पीएचडी ही बहुतेक ठिकाणी पगाराची नोकरी असते, हेही वजनात धरलं. भाची आता झेडएमटीतल्या लॅबचे पेपर वाचून दोघांना मेल लिहितेय. मेल छोटी ठेवायची, त्यांच्या एका पेपरातलं नेमकं काय आवडलं आणि मिरकरवाड्याच्या जेटीवर तुम्ही स्वतः काय मोजलंत ते दोन ओळींत, "रिस्पेक्टेड सर आय ॲम व्हेरी पॅशनेट" नको. कोर्सचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे विषयवार सविस्तर माहितीपुस्तक, पीडीएफमध्ये मिळतं तेही उघडा, स्टॅटिस्टिक्सचे क्रेडिट किती मागतात बघा, आपल्या बीएससीवाल्यांचं तिथेच कमी पडतं. इरास्मसचे अर्ज साधारण थंडीतच बंद होतात, तेव्हा ट्रान्सक्रिप्ट नि एपीएसचं गणपतीच्या आधी सुरू केलेलं बरं, गणपतीत कोकणात कोणी कागदाला हात लावत नाही.