चाली बांधण्यासाठी पेटी : वर्षभराच्या वापरानंतर

गाण्याला चाल लावायला शिकायचं तर हाताशी काय असावं, कीबोर्ड, मोबाइलवरचं अ‍ॅप की साधी पेटी (हार्मोनियम), असं आमच्या भजनी मंडळातल्या दोघीतिघींनी विचारलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. गेल्या पावसाळ्यापासून मी खर्ज-नर (एक जाड आणि एक मधला, असे दोन आवाज एकत्र देणारी), साडेतीन सप्तकांची पेटी वापरते आहे. स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून गाण्याचा सा बदलायची सोय, नाही. कपलर, म्हणजे एका सुराबरोबर दुसऱ्या सप्तकातला तोच सूर वाजवणारी जोडणी, आहे, पण तो लावत नाही. ग्वाल्हेरला लश्करात राहते, मंडळासाठी नवे अभंग आणि गणपतीतली गाणी बांधते. गाणं थोडंफार आधी शिकलेलं होतं. चाल बांधणं मात्र या पेटीवरच शिकले.

चालीसाठी पेटी घ्या असं मी ठामपणे सांगते, त्याचं कारण अगदी साधं आहे. पेटीवर एक हात सुरांवर आणि दुसरा भात्यावर असतो. कीबोर्डवर डावा हात कॉर्ड धरतो, मागे तयार ठेका वाजतो, आणि त्या भरलेल्या आवाजात कुठलीही ओळ बरी वाटते. ठेका बंद केला की ओळीत काहीच उरत नाही. पेटीवर तुमची ओळ एकटीच ऐकू येते. तिच्यात दम नसेल तर ते पहिल्या दोन आवर्तनांतच कळतं.

पण चाल सुचण्यासाठी पेटीपुढे बसू नका. बोटांना सवयीच्या वाटा असतात. सा रे ग म सरळ चढायचं, पंचमावर थांबायचं, तसंच उतरायचं. शब्द कोणतेही असोत, चाल तीच. मी आधी शब्द नुसते मोठ्याने म्हणते, टाळी धरते, मग गुणगुणते. काहीतरी हाताला लागलं की मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि त्यानंतरच पेटी उघडते. पेटीवर शोधायचं ते इतकंच, की आपण नेमकं काय गायलो आणि त्यातला कोणता सूर बदलला तर ओळ उजळेल.

एक उदाहरण देते. आत्याने लिहिलेला मोठा अभंग आहे, म्हणजे ६-६-६-४ अक्षरांचा :

आली आली सांज । दिवा लागे घरी ।
उभी राहे दारी । माय माझी ॥

भजनी ठेका आठ मात्रांचा. सहा अक्षरं आठ मात्रांत बसवायची, म्हणजे दोन मात्रा शिल्लक राहतात. त्या कुठे द्यायच्या, यावर निम्मी चाल ठरते. ‘आली आली’ एकेक मात्रेत जाऊ दिलं आणि ‘सां’ व ‘ज’ला दोन-दोन दिल्या, की संध्याकाळ आपोआप लांबते. सूर भूप रागाचे घेतले, म्हणजे सा रे ग प ध एवढेच. पहिला चरण : सा रे ग रे, मग ‘सांज’वर ग आणि प. दुसऱ्या चरणाला तोच आकार, पण एक पायरी वर : रे ग प ग, ‘घरी’वर प आणि ध. तिसरा चरण दुसऱ्यासारखाच. आता कान तीच गोष्ट पुन्हा येणार म्हणून तयार असतो, आणि चौथ्यात अक्षरं फक्त चार. प्रत्येकाला दोन मात्रा. ‘माय’ थेट वरच्या सा म्हणजेच तार षड्‌जावरून धैवतावर येते आणि ‘माझी’ पंचमावरून गंधारावर उतरते. सगळ्या चालीत लक्षात राहतं ते ‘माय’ एवढंच. आधीचे तिन्ही चरण धैवताच्या वर जात नाहीत म्हणून तो वरचा सा उठून दिसतो; आधीही दोन-तीनदा तो आला असता तर कुणाच्या लक्षातही आला नसता.

हे सगळं एका सप्तकात बसतं, तेही मुद्दाम. मंडळातल्या सगळ्याजणींना काळी चारमध्ये तार षड्‌जाच्या वर जाताना ताण पडतो, आणि जे गाताना ताण पडतो ते लोक घरी गुणगुणत नाहीत.

ग्वाल्हेर गायकीत बंदिश आधी अस्थाई-अंतऱ्यासकट पूर्ण मांडतात, विस्तार त्यानंतर. लहानपणापासून असं गाणं कानावर पडलं, त्याचा उपयोग मला आत्ता होतो आहे. ख्यालात गवई कितीही लांब गेला तरी मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) पकडून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, आणि वर्षांनंतर अंतऱ्याचे शब्द विसरले तरी तो मुखडा आठवतो. म्हणून मी आता अंतरा बांधायला घाई करत नाही. मुखडा समेच्या आधी कोणत्या मात्रेवरून उचलायचा आणि कोणत्या अक्षरावर सम द्यायची, हे पक्कं झाल्याशिवाय पुढे जात नाही.

पारखायची माझी रीत अशी. शेजारच्या काकूंचा नातू दुपारी येऊन बसतो. त्याला चाल शिकवायची नाही, नुसती त्याच्या देखत दोन-तीनदा गायची. दुसऱ्या दिवशी तो काय गुणगुणतो ते ऐकायचं. तो जिथे चुकतो ती जागा वहीत खूण करून ठेवते. एका गणपतीच्या गाण्यात मी कोमल निषाद घेऊन वळण घातलं होतं. तो सरळ धैवतावरून पंचमावर यायचा. त्याचंच ठेवलं. आता सगळं मंडळ तसंच गातं.

पेटीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती ती अशाच आक्षेपांमुळे, आणि ती १९७१ नंतर सैल झाली. दुसरं म्हणजे पेटीचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले असतात. तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा पेटीचा गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). मोबाइलवरचा तंबोरा लावून पेटीवर गंधार धरा, घासल्यासारखं ऐकू येतं. त्यामुळे गंधारावर थांबणारी ओळ मी पेटी बंद करून, फक्त तंबोऱ्यावर गाऊन ठरवते. मात्र याच शहरातले नामांकित पेटीवादक भैयासाहेब गणपतराव यांनी पेटीतून ठुमरी उभी केली, त्यामुळे वाद्यालाच दोष देत बसणं मला पटत नाही.

ग्वाल्हेरच्या हवेत पेटी सांभाळावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की लाकूड आखडतं, पावसाळ्यात फुगून पट्ट्या अडकतात. माझा मंद्रातला (खालच्या सप्तकातला) एक सूर धुळीने बसला होता. सुराच्या पितळी पातीखाली पातळ कागद हलकेच सरकवून काढल्यावर मोकळा झाला. उतरलेला सूर मिळवायला मात्र कारागिराकडेच न्या. पात टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो, आणि जास्त घासलं गेलेलं पितळ परत येत नाही.

स्केल चेंजरसाठी जास्त पैसे घालू नका. पेटी जड होते, आणि तो नसला तर गाण्याचा सा बदलला की बोटं नव्या वाटेने जातात, त्यातून एखादी वेगळी जागा सापडते. घेताना भाता पूर्ण भरा, सगळे खटके (हवा सोडणाऱ्या पुढच्या कळा) बंद ठेवा आणि हवा किती वेळ टिकते ते पाहा. लगेच बसली तर गळती आहे. मग अगदी कमी हवेवर खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी दाबा. जो सूर हळू हवेला बोलत नाही, तो दुकानातच दाखवून घ्या.