सहा तेलांचा सेट घेतला, पैसे वसूल झाले ते गवताच्या दोन बाटल्यांवर

तीन स्टार देतेय आणि तेही रोशा आणि गवती चहाच्या जिवावर, नाहीतर दोनच दिले असते.

आधी सेटमध्ये काय येतं ते सांगते कारण फोटोवरून नीट कळत नाही. इसेन्शियल ऑइलच्या, म्हणजे झाडापानांतून काढलेल्या सुगंधी तेलांच्या, १०-१० मिलीच्या सहा बाटल्या: लव्हेंडर, टी ट्री, निलगिरी, लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा, पामरोजा म्हणजे रोशा आणि सँडलवूड म्हणजे चंदन. सोबत एक गुळगुळीत कागदाचं बुकलेट, त्याच्यावर नंतर येते. ऑफरमध्ये ८९९ ला पडला. पॅकिंग एकदम चकाचक, कुणाला गिफ्ट द्यायला हरकत नाही, आणि बाटल्या तपकिरी काचेच्या आहेत ही चांगली गोष्ट, कारण ही तेलं उजेडाने बिघडतात आणि प्लास्टिकमध्ये ठेवली तर प्लास्टिकच खराब करतात. निलगिरीचं झाकण मात्र गळत होतं, अख्ख्या खोक्याला तोच वास, त्यामुळे त्या दिवशी बाकी कशाचा वास घ्यायची सोयच नव्हती.

मी घरी साबण करते, कोल्ड प्रोसेसचे म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा न शिजवता मिसळून, ओळखीपाळखीत विकतेही, त्यामुळे नवीन तेल आलं की पहिलं काम कागदाची पट्टी. जाड पांढरा कागद, प्रत्येक तेलाचा एकेक थेंब, बाजूला पेन्सिलीने नाव, आणि रात्रभर तसंच सोडायचं. बहुतेक इसेन्शियल ऑइल उडून जातात आणि कागद जवळपास कोरा राहतो, पण त्यात बदाम, सूर्यफूल वगैरे साधं तेल मिसळलेलं असेल तर भजीच्या कागदासारखा पारदर्शक डाग पडतो. अर्थात ही काही लॅब टेस्ट नाही, सिंथेटिक सेंटची भेसळ यात पकडली जात नाही, पण घरच्या घरी एवढं तरी कळतं.

तर लव्हेंडरच्या पट्टीवर सकाळी चांगला गोल डाग. बाटलीवर लिहिलंय १०० टक्के प्युअर. वासही नुसता गोड गोड, फॅब्रिक कंडिशनरसारखा, खऱ्या लव्हेंडरला जी थोडी गवताळ, औषधी बाजू असते ती नाहीच. बरं लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव नाही, कुठल्या देशातलं तेही नाही. लव्हेंडरमध्ये हे नाव लागतंच हो, कारण लव्हॅन्डिन नावाचं संकरित झाड असतं, त्याचं तेल खूप स्वस्त पडतं आणि त्याला कापराची झाक असते, साबणाला ठीक पण झोपेसाठी उशीवर लावायला जे लोक घेतात त्यांना ते नको असतं. आता तर आपल्याकडे जम्मूत भद्रवाहला शेतकरी मक्याऐवजी लव्हेंडर लावतायत, देशातलं तेल मिळतं, मग लिहायला काय जातंय?

चंदनाचं तर बोलायलाच नको. चंदनाचं तेल झाडाच्या गाभ्यातून येतं आणि तो गाभा भरायला १५-२० वर्षं सहज जातात, म्हणून खऱ्या तेलाच्या १० मिलीला हजारोंनी मोजावे लागतात. ८९९ मध्ये सहा बाटल्या आणि त्यातली एक चंदन, हा हिशोब कुठल्याच बाजूने जुळत नाही. कागदाची परीक्षा इथे चालत नाही कारण खरं चंदन जड असतं, डाग राहतोच. पण नाकाला कळतं. खरं चंदन सुरुवातीला अगदी मऊ असतं, लांबून येतच नाही, आणि मग दुसऱ्या दिवशीही कागदाला धरून असतं. हे बाटली उघडल्या उघडल्या खोलीभर झालं आणि संध्याकाळपर्यंत गायब. मग लेबल नीट वाचलं तर खाली बारीक अक्षरात ब्लेंड लिहिलेलं. वर मोठ्या अक्षरात सँडलवूड, खाली मुंगीएवढं ब्लेंड! ज्यांना चेहऱ्यासाठी चंदन हवंय त्यांनी सरळ खोड आणून सहाणेवर उगाळावं.

आता चांगलं बोलते. पामरोजा म्हणजे आपलं रोशा गवत, काही ठिकाणी तिखाडी पण म्हणतात. सेटमधली ही सगळ्यात दुर्लक्षित बाटली, बुकलेटमध्येही याला चार ओळी, आणि माल मात्र अव्वल. पट्टी स्वच्छ. वास गुलाबाचा पण खाली हिरवं, थोडं लिंबासारखं काहीतरी. हे तेल खानदेशचं जुनं उत्पन्न बरं का, नंदुरबार-तळोद्याकडे डोंगरात हे गवत आपोआप उगवायचं आणि तिथेच भट्ट्या लावून तेल काढायचे, मग ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानाकडे जायचं आणि तिथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळायचे. कारण यात ७०-८० टक्के जिरॅनिऑल असतं आणि गुलाबाच्या वासातही तेच एक मुख्य द्रव्य. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जे जगभर भेसळीचं तेल म्हणून बदनाम होतं, ते या खोक्यात सगळ्यात प्रामाणिक निघालं, काय म्हणायचं आता!

साबणात रोशा भारी बसतं. कॉस्टिक सोड्याच्या माऱ्यात लिंबू-संत्र्याचे वास महिन्याभरात विरून जातात, रोशा टिकतं. चेहऱ्यासाठी मी ३० मिली तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात ६ थेंब टाकते, हे साधारण एक टक्का होतं, रात्री दोन-तीन थेंब तळहातावर घेऊन लावायचं. थंडीत ओठांच्या बाजूला, नाकाशी जी कोरडी सालं निघतात ना तिथे छान काम करतं, आता काम तिळाच्या तेलाचं किती आणि रोशाचं किती हे मला विचारू नका, पण लावावंसं वाटतं ते वासामुळे.

गवती चहाचं तेलही झकास, झाकण उघडलं की थेट पावसाळ्यातला आल्याचा चहा आठवतो. फरशी पुसायच्या बादलीत ४-५ थेंब, कपाटात कापसाच्या बोळ्यावर एक. अंगाला लावताना मात्र सांभाळून, यातलं सिट्रल त्वचेला चावतं, मी ३० मिलीला ३ थेंबांच्या वर जात नाही आणि चेहऱ्याला तर लावतच नाही. आणि डासांसाठी म्हणून घेत असाल तर नका घेऊ, वास थोड्या वेळात उडतो आणि डास परत हजर, डेंग्यूच्या दिवसांत यावर विसंबू नका.

निलगिरी ठीकठाक, उटीला रस्त्यावर मिळते तिच्याहून वेगळी काही वाटली नाही. टी ट्री चांगलं आहे, शास्त्रीय नाव मेलाल्युका अल्टर्निफोलिया असं नीट छापलंय, वास तसाच कडक. पिंपल्सवर याचा थोडाफार पुरावा खरंच आहे, ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये १२४ जणांवर ट्रायल झाली होती, ५ टक्के टी ट्री जेल आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड म्हणजे पिंपल्सचं नेहमीचं औषध, दोन्हींनी फरक पडला, टी ट्रीला वेळ जास्त लागला पण त्रास कमी झाला. ५ टक्के, लक्षात घ्या. कोपराच्या आत लावून दोन दिवस बघा आणि मगच चेहऱ्याकडे वळा. उघडलेली बाटली गार, अंधाऱ्या जागी ठेवा आणि जुनी झाली की फेकून द्या, हवेने बिघडलेलं टी ट्रीच जास्त करून ॲलर्जी देतं.

आणि हे बुकलेटवाले काय सांगतात? पिंपलवर थेट थेंब लावा. खरा संताप इथे आला. पुढच्या पानावर तर कोमट पाण्यात दोन थेंब टाकून प्या, डिटॉक्स होतो. अहो तेल पाण्यात विरघळतं तरी का? ते वर तरंगतं आणि तसंच जाऊन घशाला लागतं. निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात थोडंसं गेलं तरी फिट येऊ शकते, आणि या बाटल्यांना चाइल्डप्रूफ झाकणसुद्धा नाही. तान्ह्या बाळांच्या छातीला, नाकाला निलगिरी चोळू नका, आजी कितीही म्हणाल्या तरी. घरात मांजर असेल तर टी ट्री लांबच ठेवा, तिच्या लिव्हरला ते झेपत नाही.

त्याच बुकलेटमध्ये अरोमाथेरपी म्हणजे हजारो वर्षांची भारतीय विद्या असंही ठोकून दिलंय. आपल्याकडे कनौजची देग-भपक्याची, म्हणजे भट्टीवर भांड्यात गाळलेली अत्तरं आहेत, दिवाळीच्या उटण्यातला वाळा, नागरमोथा, गव्हला कचोरा आहे, सगळं खरं आणि त्याचा अभिमानही आहे, पण ही बाटलीतून थेंब मोजायची अरोमाथेरपी गॅटफोसे नावाच्या फ्रेंच परफ्यूमवाल्याने रूढ केली, त्याचं पुस्तक १९३७ चं. गिऱ्हाईकाला एवढं येडं समजू नये.

कस्टमर केअरला जीसी-एमएस रिपोर्ट मागितला, म्हणजे तेलात काय काय किती आहे त्याचा तक्ता. उत्तर पटकन आलं, मुलगी बोलायला गोड होती, पण रिपोर्टवरचा बॅच नंबर वेगळा आणि बाटलीवरचा वेगळा. ते दाखवल्यावर मेल बंद.

माझं ऐकाल तर सेट घेऊ नका. त्यांच्याच साइटवर रोशा, गवती चहा आणि टी ट्री सुटे मिळतात, तिन्ही मिळून सेटच्या निम्म्यात येतात. लव्हेंडर दुसरीकडून बघा. चंदन मी परत करायला गेले तर म्हणे सील तोडलंय, रिटर्न होणार नाही. सील न तोडता वास कसा घ्यायचा ते आता त्यांनीच सांगावं.