गाडीतलं अ‍ॅडास: कुठे कामाला येतं, कुठे गळपटतं

नवी गाडी घेताना वरच्या व्हेरियंटसाठी जादा पैसे मोजायचं कारण म्हणून हल्ली अ‍ॅडास, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा, पुढे केलं जातं. कॅमेरा, रडार आणि त्यांच्या जोरावर चालणारी दहा-बारा फीचर्स, अशी ही मोट आहे. माहितीपत्रकात सगळी एकाच रांगेत बसवलेली असतात, पण अपघात टाळण्याच्या कामात त्यांचा वकूब सारखा नाही. म्हणून इथे प्रत्येक फीचरला एकच प्रश्न विचारला आहे: अपघात ज्या कारणांनी होतात, त्यातलं कोणतं कारण हे आवरतं?

कारणं तीच ती आहेत. वेग, पुढच्या गाडीला चिकटून चालणं, मोबाइल, झोप, दारू, न बघता लेन बदलणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार रस्त्यावर वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात, आणि ५ ते २९ वयोगटात मृत्यूचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. त्यामुळे ही तपासणी कडक हवी.

सुरुवात सगळ्यात कामाच्या फीचरपासून, म्हणजे स्वयंचलित आपत्कालीन ब्रेकपासून. धडक होणार असं दिसलं की आधी आवाज आणि डॅशबोर्डवर लाल खूण, मग हलका ब्रेक, आणि तरीही ड्रायव्हर हलला नाही तर जोराचा ब्रेक. मोबाइलकडे गेलेली नजर किंवा दोन सेकंद भरकटलेलं लक्ष यावर इतका थेट उतारा दुसरा नाही. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेला असं आढळलं, की नुसता इशारा देणाऱ्या गाड्यांचे मागून धडकण्याचे अपघात २७ टक्क्यांनी कमी होतात, तर इशाऱ्यासोबत स्वतः ब्रेकही लावणाऱ्या गाड्यांचे सुमारे ५० टक्क्यांनी. हा फरक लक्षात ठेवा, कारण काही व्हेरियंटमध्ये फक्त इशारा असतो आणि विक्रेता दोन्हींना एकाच नावाने हाक मारतो.

आता ते कुठे गळपटतं ते पाहू. ताशी १०० किमीवरून कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंत साधारण ५५ मीटर जातात. त्या वेगाला हे अंतर दोन सेकंदांचं आहे. यंत्रणा मात्र पूर्ण ब्रेक बहुधा त्याहून उशिरा मारते, कारण तोवर ड्रायव्हर स्टीअरिंग फिरवून बाजूला निघू शकतो आणि विनाकारण कचकन ब्रेक लागला तर मागची गाडी येऊन आदळेल. म्हणजे शहरी वेगाला हे फीचर धडक टाळतं, महामार्गावर मात्र धडकेचा वेग कमी करतं. तेही थोडं नाही, पण ‘गाडी आपली आपण थांबेल’ हा भरवसा तिथे चालत नाही.

दुसरी अडचण रडारच्या स्वभावातच आहे. रस्त्याकडेला स्थिर वस्तूंची रांग असते: कठडे, पाट्या, पुलाचे खांब. प्रत्येकीवर ब्रेक लागू नये म्हणून वेगात असताना स्थिर वस्तूंकडून आलेला रडारचा संकेत बऱ्याच यंत्रणा बाजूला टाकतात किंवा कॅमेऱ्याची साक्ष मिळेपर्यंत थांबतात. म्हणूनच सर्वांत घातक प्रसंग असा: तुम्ही एका गाडीच्या मागे आहात, ती अचानक लेन बदलते आणि तिच्यापुढे बंद पडलेला ट्रक उभा असतो. यंत्रणेला तो दिसतो तेव्हा हातात फार थोडा वेळ उरलेला असतो. यावर उपाय एकच, पुढच्या गाडीच्याही पलीकडे दिसेल इतकं अंतर राखणं.

रात्री पायी चालणाऱ्यांच्या बाबतीतही सावध राहा. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालक संघटनेने २०१९ साली घेतलेल्या चाचणीत पादचाऱ्यांसाठीचा स्वयंचलित ब्रेक अंधारात निष्प्रभ ठरला. त्यानंतर कॅमेरे सुधारले आहेत, तरी पावसाळी अंधारात गडद कपड्यातला माणूस हा कॅमेऱ्यासाठी अजूनही कठीण पेपर आहे. शिवाय काच मळलेली, आतून धुरकट, किंवा सूर्य अगदी समोर, तर कॅमेरा आंधळा होतो आणि डॅशबोर्डवर तसा संदेश येतो. तो संदेश वाचला जात नाही ही खरी चिंता.

यंत्रणेने ब्रेक लावला की ड्रायव्हरने काय करायचं हे माहितीपत्रकात सापडत नाही. पायही ब्रेकवर जोरात दाबा आणि दाबूनच ठेवा. एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, चालू झालं की पॅडल पायाखाली थरथरतं. पुष्कळजण घाबरून नेमका तेव्हाच पाय उचलतात. दचकून अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला तर बहुतेक गाड्या ‘ड्रायव्हरला पुढे जायचंय’ असं समजून ब्रेक सोडून देतात.

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलला, म्हणजे सेट केलेला वेग राखत पुढच्या गाडीप्रमाणे तो कमी-जास्त करणाऱ्या फीचरला, संमिश्र शेरा. पुढच्या गाडीपासूनचं अंतर ते इमानदारीने सांभाळतं आणि लांबच्या प्रवासात पायाला आराम देतं. घोळ सेटिंगमध्ये आहे. अंतराची सर्वांत छोटी पायरी बहुधा एक सेकंदाच्या आसपास असते. ताशी १०० किमीला एक सेकंद म्हणजे २८ मीटर, आणि सावध ड्रायव्हरलाही धोका ओळखून पाय ब्रेकवर नेईपर्यंत दीड सेकंद सहज लागतो. मधे कुणी घुसू नये म्हणून लोक हीच पायरी निवडतात. सर्वांत मोठी पायरी ठेवा, पाऊस असेल तर क्रूझ बंद करून चार सेकंदांचं अंतर स्वतः राखा. मोजायची रीत सोपी आहे: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की एक हजार एक, एक हजार दोन असं म्हणायला लागा. कोरड्या रस्त्यावर दोन, पावसात चार पूर्ण होण्याआधी तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात.

क्रूझचा दुसरा दोष हा, की सेट केलेला वेग ते विनातक्रार पाळतं, तो चुकीचा असला तरी. दीड सेकंद प्रतिक्रियेचा धरला तर कोरड्या रस्त्यावर थांबायला ताशी ६० किमीला सुमारे ४५ मीटर लागतात, ८०ला ६९ आणि १००ला ९७. ओल्या रस्त्यावर १००चा आकडा १३५च्या पुढे जाऊ शकतो. आता असं पाहा: ८०ने येणारी गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे १००ने येणारी, दोघांनी एकाच क्षणी धोका ओळखला तरी, अजून ताशी ७० किमीने जात असते. वेगमर्यादेची पाटी वाचून सूचना देणारं फीचर मिळत असेल तर जरूर घ्या, पण तात्पुरत्या पाट्या आणि झाडामागे लपलेल्या पाट्या त्याच्या हातून सुटतात.

लेन राखणारी यंत्रणा पांढऱ्या पट्ट्यांवर जगते. पट्टे पुसट झाले, पावसात दिवे परावर्तित झाले किंवा दुरुस्तीच्या कामात जुने-नवे पट्टे एकमेकांत मिसळले की ती हात टेकते, कधी भलत्याच बाजूला ओढते. तरी तिचा एक अनपेक्षित फायदा आहे: इंडिकेटर न देता लेन बदलायला गेलं की स्टीअरिंग विरोध करतं, आणि काही आठवड्यांत इंडिकेटरची सवय हाडात मुरते. आवाजाचा वैताग येतो म्हणून ती कायमची बंद करण्यापेक्षा इशारा स्टीअरिंगच्या थरथरण्यावर ठेवा. क्रूझ आणि लेन दोन्ही चालू असताना गाडी स्वतः चालते आहे असा भास होतो. ही स्वयंचलनाची फक्त दुसरी पातळी आहे, यात जबाबदारी पूर्णपणे ड्रायव्हरची. स्टीअरिंगला पाण्याची बाटली अडकवून, हात स्टीअरिंगवर आहेत का हे तपासणाऱ्या सेन्सरला फसवणाऱ्यांना एवढंच सांगणं, की ते सेन्सर तुमच्याच जिवासाठी आहेत.

ब्लाइंड स्पॉट इशारा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या आंधळ्या जागेत गाडी असल्याची सूचना, उपयुक्त पण मर्यादित. आयआयएचएसच्या आकड्यांनुसार त्याने लेन बदलतानाचे अपघात १४ टक्क्यांनी घटतात. मागून भरधाव येणारी मोटारसायकल त्याला उशिरा दिसते. त्याआधी आरसे नीट लावा, ते फुकट आहे. डोकं खिडकीच्या काचेकडे झुकवून आपल्या बाजूचा आरसा गाडीची कड जेमतेम दिसेल इतका बाहेर वळवा. मग डोकं गाडीच्या मधोमध नेऊन दुसरा तसाच लावा. आंधळी जागा बरीच आकसते. उरलेल्यासाठी खांद्यावरून एक नजर.

रिव्हर्समधला स्वयंचलित ब्रेक, कॅमेरा आणि पार्किंग सेन्सर हे तिन्ही एकत्र मिळत असतील तर डोळे झाकून घ्या. आयआयएचएसला या त्रिकुटामुळे मागे घेतानाचे अपघात ७८ टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

झोपेचा इशारा हे या पेटीतलं सर्वांत कच्चं फीचर. साधी यंत्रणा स्टीअरिंगच्या बारीक हालचालींवरून अंदाज बांधते आणि ठरावीक वेगाच्या वरच जागी होते. डोळ्यांवर कॅमेरा रोखणारी पुष्कळ बरी. पण डॅशबोर्डवर इशारा म्हणून कॉफीच्या कपाचं चित्र उमटतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो. पहाटे २ ते ६ आणि दुपारी २ ते ४ हे डुलकीचे तास. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं यांनी काहीही होत नाही. सुरक्षित जागी थांबा, कॉफी घ्या आणि लगेच २० मिनिटं झोपा. कॉफीचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर झोपही पदरात पडते.

या सगळ्याच्या मुळाशी टायर आहेत. रडार कितीही महाग असो, थांबवणारं रबर तळहाताएवढ्या चार ठिकाणीच रस्त्याला टेकतं. हवा कमी असली की बाजूची भिंत दर फेऱ्याला वाकते, तापते आणि भर वेगात फुटते. टायरच्या हवेचा इशारा अनेक गाड्यांत दाब २० ते २५ टक्के घटल्यावरच येतो, म्हणून महिन्यातून एकदा टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा तपासा. खाचांची १.६ मिमी ही कायद्याची किमान खोली अनेक ठिकाणी आहे. पाण्यात पकड त्याच्या बरीच आधी जाते, ३ मिमीला टायर बदला.

टेस्ट ड्राइव्हला गेलात की विक्रेत्याकडून चार गोष्टी काढून घ्या. आपत्कालीन ब्रेक आहे की फक्त इशारा? तो पादचारी आणि सायकल ओळखतो का, आणि किती वेगापर्यंत? इंजिन बंद करून चालू केल्यावर सेटिंग टिकतात का? समोरची काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा पुन्हा अचूक जुळवणं, कोण करणार आणि ते विम्यात धरलं जातं का? बंपरपुढे धातूचा गार्ड बसवायचा विचार असेल तर सोडून द्या, रडार त्याच्याच मागे असतं. आणि काच बदलून गाडी परत घेताना कॅलिब्रेशनची नोंद बिलावर लेखी मागा. कॅमेरा अंशभर जरी कललेला राहिला तरी ५० मीटरवर त्याचा अंदाज जवळपास एका मीटरने चुकतो.